चावी काढली तरी इंजिन चालूच! मारुती 800 (कार्ब्युरेटर), सल्ला हवा

निपाणीकर_800:
मंडळी, 1994 ची मारुती 800 आहे. वडिलांनी घेतलेली, विकायचं नाव काढू नका. गावात फिरताना त्रास नाही. पण तवंदी घाट चढून स्तवनिधीला थांबलो की चावी हातात घेतली तरी इंजिन गचके देत घडघडत राहतं, शेवटी एक दणका देऊन बंद. बजेट दोन हजारांच्या आत. काय करू?

खानापूर_जीप:
ठिणगीला करंट देणारी इग्निशन कॉईल बदला. मी जीपची बदलली, तेव्हापासून एक नंबर.

उद्यमबाग_लेथ:
कॉईलचा इथं काय संबंध हो? चावी बंद म्हणजे ठिणगी बंद. हेडमध्ये (इंजिनचं वरचं झाकण) साचलेला कार्बन तापून लाल होतो, तोच पेट्रोल पेटवतो. गचके देत चालतंय म्हणजे हेच दुखणं. नेहमीसारखं सुरळीत चालत राहिलं असतं तर स्विचमध्ये करंट अडकलाय म्हटलं असतं. आता कार्ब्युरेटरवर वायर जोडलेला छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, शोधा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की तिथं ‘टक्’ वाजलं पाहिजे. चावी बंद केल्यावर स्लो जेटचं (आयडलवर पेट्रोल देणारं बारीक भोक) पेट्रोल तोच तोडतो. टक् नसेल तर आधी वायर बघा, पैसे नंतर घाला.

टिळकवाडी_बेळगाव:
दोन हजारांत आजकाल काय होतंय? मी अख्खं इंजिन उतरवून काम करून घेतलं. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं. गाडी शोरूममधनं काढल्यासारखी पळते.

चिकोडी_ऊसवाला:
पेट्रोलमधल्या इथेनॉलनं जुन्या गाड्यांची वाट लावली. पूर्वी असलं काही नव्हतं.

उद्यमबाग_लेथ:
इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची आपोआप पेट न घेण्याची ताकद, वाढतो, कमी होत नाही. जुन्या जेटवर हवा-पेट्रोलचं मिक्स्चर थोडं पातळ होतं, एवढं खरं. आणि हे दुखणं शिशाचं पेट्रोल होतं तेव्हापासूनचं आहे. ते तर 2000 साली देशभर बंद झालं.

चिकोडी_ऊसवाला:
माझ्या गाडीचे रबरी पाईप कुजले त्याचं काय?

संकेश्वर_ड्रायव्हर:
पाईपाचा धागा वेगळा काढा की. निपाणीकर, आयडलिंग (पाय न दाबता इंजिन फिरतं तो वेग) चढवून ठेवलंय का? सकाळी गाडी धरत नाही म्हणून मिस्त्री स्क्रू आवळून देतात. मग थ्रॉटल उघडंच राहतं आणि बंद केल्यावरही इंजिन पेट्रोल ओढत बसतं. स्क्रू ढिला करा, फुकटातलं काम. तोवर थांबल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवा, मग गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा, चावी बंद करून क्लच सोडा. जागेवर बंद पडते.

खानापूर_जीप:
कॉईल पण बघून घ्या.

हुक्केरी_गॅरेज:
प्लग बघितले का कुणी? गरम जातीचा (उष्णता हळू सोडणारा) प्लग बसला असेल तर त्याचं टोकच निखारा होतं. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, 6 पेक्षा 7 थंड. बॉशमध्ये उलटं. दुकानदार आकडा न बघता देतात, भांडून घ्या. टायमिंग मागं असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरी इंजिन तापतं.

टिळकवाडी_बेळगाव:
आयडलिंग कमी करून बघा.

संकेश्वर_ड्रायव्हर:
तेच वर लिहिलंय, साहेब.

निपाणीकर_800:
सगळ्यांचे आभार. टक् वाजतंय, आणि चालू इंजिनवर वायर काढली तर इंजिन बंद पडतं, म्हणजे सोलेनॉइड ठीक. स्क्रू ढिला केला. गचके कमी झाले, गेले नाहीत. प्लग काढले तर तिन्ही काळे, तेलकट. सकाळी निळा धूरही येतो. तेल जळतंय आणि त्याचाच कार्बन धरतोय, तर प्लग बदलून उपयोग काय? हेड खोलून कार्बन खरवडणार, व्हॉल्व्हचे सील बदलणार. बजेट गेलं, जाऊ दे.

हुक्केरी_गॅरेज:
नवे प्लग घालून एकदा घाट चढून बघायचा होता. ऐकत नसाल तर हेड उतरवल्यावर तसंच बसवू नका. वाकलंय का ते पट्टी लावून बघा, गरज पडली तर बेळगावच्या उद्यमबागेत घासून सपाट (प्लेन) करून घ्या. गास्केट नवंच घाला.

खानापूर_जीप:
हेड खोलताय तर कॉईलही बदलून टाका.