शब्द हवा आहे: 'केअरगिव्हर'ला आपण काय म्हणतो?

अर्धविराम
नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी प्रश्नावली तयार करते आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी जे नातेवाईक करतात, त्यांना डिस्चार्जआधी नीट शिकवलं तर काय फरक पडतो, असा विषय आहे. इंग्रजी मसुद्यात सगळीकडे 'फॅमिली केअरगिव्हर'. मी मराठीत 'कुटुंबातील काळजीवाहू व्यक्ती' केलं. मग रीतसर उलटभाषांतर, म्हणजे मूळ इंग्रजी न पाहिलेल्या व्यक्तीकडून मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घेतलं. जे परत आलं त्याचा अर्थ होतो 'घरातली सतत चिंतेत असलेली व्यक्ती'. आता पहिलाच प्रश्न असा दिसतो: चिंतेत असलेल्या व्यक्तीचं वय किती?

सोमवारी मसुदा मार्गदर्शक बाईंना द्यायचा आहे. एक शब्द सुचवा. फार तर दोन.

तिरकस
काळजीवाहू असतं ते सरकार. राजीनामा देऊन झालाय, पण दुसरं कोणी येईपर्यंत गाडा ओढायचाय. तसं बघितलं तर घरच्या माणसाला शब्द चपखल आहे. फरक इतकाच की तिथे दुसरं कोणी येत नाही.

शब्दवेडी
'शुश्रूषा' हा इतका सुंदर शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधायचं? कुटुंबातील शुश्रूषक. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छार्थक रूप शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याचं ऐकून घेणं हीच तर सेवेची पहिली पायरी. (आणि कृपया पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ. दवाखान्यांच्या पाट्यांवर 'सुश्रुषा' वाचून वाचून डोळे दुखतात.)

खडू
ताई, अर्धीच व्युत्पत्ती सांगितलीत. ऐकण्याची इच्छा म्हणजे आज्ञा ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूची करायची ती शुश्रूषा. मनुस्मृतीत शूद्राला नेमून दिलेलं एकमेव काम म्हणजे वरच्या तिन्ही वर्णांची शुश्रूषा. कोणी कोणाचं ऐकायचं हे त्या शब्दात आधीच ठरलेलं आहे. प्रबंधात घाला, पण ऐकून घेण्याचं अत्तर शिंपडू नका.

शब्दवेडी
खडूसाहेब, व्युत्पत्ती ही काही जन्मठेप नाही. इंग्रजी 'केअर'चं मूळ बघा: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुःख, शोक. म्हणून काय आज कोणी शोक करतं?

अर्धविराम
थांबा, हे माझ्या कामाचं आहे. म्हणजे तिकडेही दुःखातूनच काळजी आली? आपल्याकडे तर दोन्ही अर्थ अजून एकाच शब्दात नांदतात. 'काळजी करू नका' आणि 'काळजी घ्या'. क्रियापद काढून घेतलं की कुठली काळजी ते कळत नाही. माझं उलटभाषांतर तिथेच घसरलं असणार. 'वाहणे' म्हटल्यावर चिंताच वाहिली जाणार, मलमपट्टी थोडीच?

निरुक्त
काळजी हा शब्द काळजावरून आलाय, हे उघड आहे. काळजाला लागते ती काळजी.

खडू
उघड वाटणाऱ्या व्युत्पत्त्यांपासून देव वाचवो. कन्नडातही 'काळजि' आहे, ती कुणाच्या काळजातून आली?

निरुक्त
आपल्याकडूनच गेली असेल. देवाणघेवाण काय एकाच बाजूने होते?

रात्रपाळी
मी वॉर्डात आणि नंतर शिकवण्यात मिळून तीस वर्षं काढली. शुश्रूषा हा शब्द मी फक्त परीक्षेच्या पेपरात आणि निरोपसमारंभाच्या भाषणात ऐकला.

एक अनुभव सांगते. आमच्याकडे एका फॉर्मवर रकाना होता: 'रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती'. एका आजोबांच्या फॉर्मवर तिथे मुलाचं नाव, मुलाची सही. आम्ही त्या मुलाला समोर बसवून सगळं शिकवलं: दर दोन तासांनी कूस बदलायची, नाकातल्या नळीतून भरवताना डोकं वर ठेवायचं, भरवून झाल्यावरही थोडा वेळ तसंच ठेवायचं, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. तो मान डोलावत होता. शेवटी मी सहज विचारलं, "घरी यांची कूस कोण बदलतं?" सगळ्यांनी वळून दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. ती फॉर्मवर नव्हतीच.

मुलगा खोटं बोलला नव्हता. काळजी घेणारा म्हणजे जो पैसे भरतो, सह्या करतो, निर्णय घेतो, असाच अर्थ त्याने घेतला. चुकीच्या शब्दामुळे आम्ही चुकीच्या माणसाला शिकवलं.

त्यानंतर मी एकच प्रश्न विचारत आले: "यांचं कोण करतं?" कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आईचं मी करते. त्यांचं करायला कोणी नाही. सासूचं सगळं केलं तिने.

तिरकस
+१. शब्द मिळाला. धागा बंद करा.

खडू
कसा बंद करता? ते क्रियापद आहे, प्रश्नावलीला नाम लागतं. 'करणे'चं नाम करायला जा, हाती 'कर्ता' येतो. आणि घरातला कर्ता म्हणजे कमावता. करणारी वेगळी, कर्ता वेगळा! भाषेने कष्ट बाईकडे आणि पदवी बाप्याकडे किती सफाईने ठेवली आहे बघा.

अर्धविराम
हे वाचून अंगावर काटा आला. पण रकान्यात काय लिहू? 'करणारं माणूस'?

मधली आळी
नपुंसकलिंगी 'माणूस' मस्त आहे. घरातलं करणारं माणूस. बाई-पुरुष वादच नको.

शब्दवेडी
प्रबंधात 'करणारं माणूस'? परीक्षक हसतील. मराठी ही ज्ञानभाषा व्हायची असेल तर तिला घडवलेले शब्द लागतात. 'दिग्दर्शक' आणि 'महापौर' यांनाही लोक आधी हसलेच होते.

मधली आळी
ताई, प्रबंध परीक्षक वाचेल, प्रश्नावली ते माणूस वाचेल. रात्रभर जागून आलेलं. त्याला 'शुश्रूषक' म्हटलं तर ते मागे वळून बघेल, कोणाला हाक मारली म्हणून.

निरुक्त
आयता शब्द पडला आहे, कोणी बघत नाही: उपस्थाता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. त्याचे चार गुण दिलेत: उपचाराची जाण, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि स्वच्छता. अडीच ओळींत तुमचा अभ्यासक्रम झाला की नाही?

रात्रपाळी
शब्द चालणार नाही, पण यादी चोख आहे. पहिला, दुसरा आणि चौथा गुण आम्ही शिकवू शकतो. तिसरा ते घरूनच घेऊन येतात, किंवा आणत नाहीत. आणि तो नसला तरी कूस बदलली जाते, हेही मी पाहिलंय.

घरच्या माणसाला शिकवणं ही नवी टूम नाही, हेही सांगते. नाइटिंगेलबाईंचं 1859 सालचं नर्सिंगवरचं प्रसिद्ध पुस्तक प्रशिक्षित नर्सांसाठी नव्हतंच. घरी कोणाचं ना कोणाचं आजारपण काढणाऱ्या बायकांसाठी होतं. त्यांची नर्सिंगची शाळा सुरू झाली 1860 मध्ये.

दोनाक्षरी
'आजारपण काढणे'! 'करणे'पेक्षा हे जवळचं नाही का? खस्ता काढणे, गूमूत काढणे, आजारपण काढणे. मराठीत सेवा 'काढावी' लागते.

तिरकस
दिवसही काढावे लागतात.

मधली आळी
आमच्या आजीचा शब्द 'उस्तवार'. "किती उस्तवार करायची या माणसाची!" कुणाला मूळ माहीत आहे?

निरुक्त
फारसी 'उस्तुवार', म्हणजे भक्कम, टिकाऊ. टिकवण्यासाठी केलेली निगा ती उस्तवार.

दोनाक्षरी
पण उस्तवारीत वैताग आहे. प्रेमाने कोणी उस्तवार करत नाही. निगा झाडाची, बडदास्त पाहुण्याची, उस्तवार रुसक्या माणसाची.

अर्धविराम
वैतागावरून माझा दुसरा प्रश्न. 'केअरगिव्हर बर्डन'. झरित यांची प्रसिद्ध प्रश्नावली आहे, 1980 सालची. आता 22 प्रश्नांचं रूप जास्त वापरतात, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 88. मी ती वापरत नाहीये, पण 'बर्डन'ची संकल्पना मलाही लागते. मी 'ओझं' लिहिलं. चाचणीसाठी एका काकूंना विचारलं, "तुम्हाला याचं ओझं वाटतं का?" त्यांनी प्रश्नावली मिटून ठेवली आणि म्हणाल्या, "आई ओझं असते का गं?" पुढचे प्रश्न झालेच नाहीत.

शब्दवेडी
'भार' घ्या. सौम्य आहे.

खडू
भार म्हणजे संस्कृत ओझं. काकू तेही मिटून ठेवतील.

रात्रपाळी
'ओझं' म्हटलं की माणूसच ओझं ठरतो. 'ताण' म्हटलं की दोष कोणाचाच नाही. पण ताणात 'बर्डन'मधलं सगळं येत नाही. पैसा, झोप, सुटलेली नोकरी हे निसटतं. म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून मी सुटे प्रश्न विचारायचे: "सलग झोप शेवटची कधी झाली?" "कुणाकडे जाऊन किती दिवस झाले?" "तुमची स्वतःची औषधं चालू आहेत का?" याची उत्तरं भडाभडा येतात.

खडू
म्हणजे प्रश्न शब्दाचा नव्हताच.

रात्रपाळी
शब्दाचाच होता. एका शब्दाने तोंड बंद केलं, दुसऱ्यांनी उघडलं.

अर्धविराम
बाईंनी 'कल्चरली सेन्सिटिव्ह केअर' हेही मराठीत मागितलंय. मी 'सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील काळजी' असं केलं.

तिरकस
सांस्कृतिक म्हणजे स्नेहसंमेलन, संवेदनशील म्हणजे पोलीस बंदोबस्त. दोन्ही एकत्र म्हणजे मागच्या वर्षीचं आमचं स्नेहसंमेलन.

खडू
आणि काळजी तर होतीच.

रात्रपाळी
हसा, पण यात खरी मेख आहे. लेनिंगरबाई मूळच्या नर्स, पुढे मानवशास्त्र शिकल्या आणि काळजी ही संस्कृतीगणिक वेगळी दिसते हे त्यांनी नर्सिंगमध्ये रुजवलं. पण त्यातून पुढे याद्या निघाल्या: अमुक समाजाचे लोक असे, तमुक तसे. न्यूझीलंडमधल्या माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन यांनी नेमकं उलट धरलं. त्यांचा शब्द 'कल्चरल सेफ्टी'. मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, ती घेणाऱ्याने ठरवायचं. नर्सने आधी स्वतःकडे बघायचं. यात 'संवेदनशील' कोण, याची पाटी स्वतःच्या गळ्यात घालताच येत नाही.

मधली आळी
मग 'ज्याला जसं रुचेल तसं करणे'?

शब्दवेडी
'रीतभात सांभाळून केलेली शुश्रूषा'. बघा, पुन्हा तोच शब्द लागला.

खडू
ताईंनी शुश्रूषेचं पेटंट घेतलंय.

दोनाक्षरी
अवांतर: पुरुष नर्सला 'ब्रदर' म्हणतात, पण रुग्णाच्या खऱ्या भावाला 'नातेवाईक' म्हणतात, हे कोणाच्या लक्षात आलंय का?

तिरकस
आणि नातेवाइकांना शिकवायचं म्हटलं की म्हणतात, 'शिकवू नका'.

रात्रपाळी
त्यावरही उपाय आहे. 'शिकवते' म्हणायचं नाही, 'दाखवते' म्हणायचं. आणि शेवटी 'समजलं का?' विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "आता घरी कसं कराल ते मला करून दाखवा, म्हणजे मी नीट सांगितलं की नाही ते मला कळेल." चूक झाली तर ती माझी, त्यांची नाही. एवढ्याने माणूस हात पुढे करतो.

शब्दवेडी
'करून दाखवणे'! रात्रपाळीताई, तुमच्या प्रत्येक उत्तरात 'करणे' आहे.

निरुक्त
उस्तवारीबद्दल: फारसी 'उस्तुवार'मधला 'उ' मराठीत टिकला, पण 'तु'चा 'त' झाला. असं आणखी कुठे झालंय का, ते शोधतो आहे.

अर्धविराम
सोमवार झाला. मी प्रश्न नामाविना लिहिले: "घरी ज्यांचं तुम्ही करता, त्यांचं वय किती?" मसुदा आजच परत आला. 'करता' या शब्दाभोवती लाल गोल, आणि समासात बाईंचा शेरा: "काय करता? वाक्य अपूर्ण."