परिवीक्षा संपत आली आहे, देणी बाकी आहेत, काय करावे?

प्रश्न (इंदूर): माझ्या धाकट्या भावाला येथील न्यायालयाने अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली दोन वर्षांच्या बंधपत्रावर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या लेखी हमीवर (परिवीक्षा, प्रोबेशन), सोडले होते. ती मुदत पुढच्या महिन्यात संपते. फिर्यादीच्या भरपाईपैकी ९,००० रुपये आणि वकीलसाहेबांची काही फी अजून बाकी आहे. शिवाय खटला चालू असताना तो तापाने आजारी पडून एका पेशीला गैरहजर राहिला, तेव्हा जामीन जप्त होऊन जामीनदार असलेल्या मामांवर २०,००० रुपये दंड निघाला. मामांनी जामिनासाठी सांवेरच्या शेताची ऋणपुस्तिका (जमिनीचे हक्क व कर्ज नोंदलेले पुस्तक) दिली होती, म्हणून रात्री झोप लागत नाही. हे फेडल्याशिवाय भाऊ मोकळा होणार नाही का?

उत्तर (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी): ताई, ही तिन्ही देणी वेगवेगळी आहेत. वकिलांची फी हा तुमचा आणि त्यांचा व्यवहार असून परिवीक्षेशी तिचा संबंध नाही. फीसाठी खटल्याची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. भरपाई कलम ५ खालची असेल तर ती दंडासारखी वसूल होते, म्हणजे मुदत संपली तरी देणे बुडत नाही. आणि आदेशात ती भरणे ही बंधपत्राचीच अट असेल, तर कलम ९ प्रमाणे न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षासुद्धा देऊ शकते. म्हणून प्रथम आदेशाची प्रमाणित नक्कल काढून शब्दन् शब्द वाचा, आणि अडचण असल्यास मुदत संपण्याआधीच हप्त्यांसाठी अर्ज द्या.

उत्तर: मला सर्वांत जास्त काळजी मामांची वाटते, कारण जामीनदाराकडून दंड वसूल झाला नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मात्र कारणे नोंदवून दंडाचा काही भाग माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे (पूर्वीचे कलम ४४६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४९१). त्या दिवसाचे दवाखान्याचे कागद जोडून मामांच्या नावाने अर्ज करा. वकील परवडत नसेल तर तुम्ही स्त्री असल्याने तुम्हाला स्वतःला मोफत वकील देणाऱ्या विधिक सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाची अट लागत नाही, परंतु भाऊ आणि मामांसाठी ती पाहिली जाईल.

प्रश्नकर्ती: दवाखान्याची चिठ्ठी आईच्या पेटीत सापडली आणि तारीख पेशीचीच आहे. सोमवारी मामांना घेऊन नकलेचा अर्ज लावते. भरपाईचे ३,००० रुपये भाऊ त्याच दिवशी भरणार आहे.