लॅक्रोसमधला ‘ड्राफ्ट’ : भरती, लिलाव की आणखी काही?

चांदणवेल
अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहते. इथे थंडी सरली की गल्लीतली पोरं जाळीची काठी खांद्यावर टाकून हिंडायला लागतात. आमचं रत्नही त्यातलंच. म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लॅक्रोसवर, म्हणजे त्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळावर, लेख लिहायला घेतला आणि एका शब्दापाशी गाडी अडली. कॉलेज संपत आलेल्या खेळाडूंना व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने निवडतात, त्या ‘ड्राफ्ट’ला मराठीत काय म्हणायचं? मी ‘भरती’ लिहिलं होतं. फोनवर सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणतात, “एवढं चांगलं खेळतंय पोरगं, मग लष्करात कशाला धाडलं?” संपादक ‘लिलाव’ करा म्हणतात. भाषांतराच्या यंत्राने तर ‘महाविद्यालयीन मसुदा’ दिलाय.

बोरूबहाद्दर
लिलावात वाईट काय आहे? आयपीएलने शब्द घरोघर पोचवलाय. वाचकाला लगेच कळेल.

चांदणवेल
कळेल, पण भलतंच कळेल. लिलावात बोली लागते. इथे प्रीमियर लॅक्रोस लीगचे आठ संघ, चार फेऱ्या, मिळून ३२ नावं. ज्याची पाळी त्याने नाव घ्यायचं, पैशाचा आकडा कुणी पुकारत नाही. आदल्या मोसमात मागे पडलेल्याला आधी पाळी, म्हणजे ताज्या दमाचा गडी त्याला मिळावा. शिवाय आपली पाळीच दुसऱ्याला देऊन बदल्यात खेळाडू घेता येतो.

तिरपागडा
लिलाव हा अस्सल मराठी शब्द आहे. लीला + भाव. घासाघीस म्हणजे लीलाच की!

जुनाट_कोश
तिरपागडेसाहेब, दंडवत. लिलाव पोर्तुगीजांकडून आला. मसुदा अरबी, मुळात ‘काळं केलेलं’. आपण ‘कागद काळे करतो’ म्हणतो त्याच चालीचा. तेव्हा शुद्धतेचं सोवळं जरा बेतानेच नेसा.
बाकी सासूबाईंचं काही चुकलेलं नाही. अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीलाही ड्राफ्टच म्हणतात. १ डिसेंबर १९६९ला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून व्हिएतनाम युद्धासाठी पोरांचे क्रम लावले होते. मूळ अर्थ ओढणे, खेचणे. त्या हिशेबाने ‘वेठ’ सगळ्यात जवळचा.

बँकवाले_काका
आमच्या पिढीला ड्राफ्ट म्हणजे डीडी. तो ड्राफ्ट. हल्ली ‘ते ड्राफ्ट’ वाचलं की डोकं फिरतं.

सांजवात
अहो, हे तर आमचं भिडू वाटून घेणं! दोन कप्तान उभे, बाकीच्यांनी जोडी-जोडीने लांब जाऊन नावं ठरवायची, एक आंबा, एक पेरू. कप्तानाने ‘आंबा’ म्हटलं की आंबा त्याचा. चांदणवेल, सरळ ‘भिडूवाटप’ लिही.

बोरूबहाद्दर
तुमच्या कप्तानाला आंबा कोण हे ठाऊक नसतं. यांचे लोक चार वर्षं प्रत्येक सामना बघून, वही भरून येतात. आणि दिवाळी अंकात ‘भिडू’? टपोरी वाटेल.

सांजवात
भिडू टपोरी मुंबईच्या सिनेमाने केला. आमच्या वाईत आजी पत्त्यांच्या डावातही भिडूच म्हणायची.

ऊसमळा
निवडलेल्या एकेका गड्याला इंग्रजीत ‘पिक’ म्हणतात ना? मग ‘उचल’. पहिली उचल, दुसरी उचल. छोटा आणि ठसठशीत.

जुनाट_कोश
उचल म्हणजे मुकादमाने ऊसतोड्याला आगाऊ दिलेले पैसे. तुमच्याच भागात लोक हसतील.

ऊसमळा
हसू द्या. उचल घेतली की तोडकरी त्या मुकादमाला बांधला जातो, नाव घेतलं की खेळाडू त्या संघाला. फरक काय?

चांदणवेल
फरक आहे, ऊसमळा. इथे हातात पैसा पडत नाही. त्या लीगमध्ये हा खेळाडू आमचा, एवढाच हक्क संघाला मिळतो. २०१९ला पहिलं नाव निघालं पॅट स्पेन्सरचं, लॉयोला कॉलेजचा. आर्चर्स संघाने घेतला. हा पठ्ठ्या गेला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बास्केटबॉल खेळायला, आणि पुढे एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून उतरला. आर्चर्सकडे उरला कागदावरचा हक्क. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्येही असंच. पहिलं नाव जे बरवँगरचं, आणि तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणून जुनाट_कोश, ‘वेठ’ही बसत नाही. वेठीतून असं उठून जाता येत नाही.

तिरपागडा
म्हणजे मुलीकडचे होकार देऊन बसले आणि मुलगी विलायतेला. ‘वाग्दान’ म्हणा की.

सांजवात
तिरपागडा, पहिल्यांदाच काहीतरी बरं सुचलंय तुम्हाला. पण वाग्दानाला वधूचा बाप लागतो. इथे बाप कोण, कॉलेज?

चांदणवेल
कॉलेजला तर कुणी विचारतही नाही. मेअखेरीस कॉलेजांचा अंतिम सामना असतो आणि ड्राफ्ट त्याच्या आधीच उरकतो. पोरगा इथे कॉलेजच्या जर्सीत गोल मारतोय, आणि तिकडे त्याचं नाव भलत्याच्या पटावर.

बँकवाले_काका
पण मराठी वाचकाला लॅक्रोस हवंय कशाला?

बोरूबहाद्दर
काका, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपलं क्रिकेट आणि हे लॅक्रोस एकाच ठरावाने आत आलं, तेही २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्याच अधिवेशनात. शेजारी म्हणून तरी ओळख हवी.

जुनाट_कोश
मग आधी खेळाच्या नावाचं बघा. ‘ला क्रॉस’ हे फ्रेंच मिशनऱ्यांनी काठीवरून ठेवलेलं नाव. ज्यांचा खेळ त्या मोहॉक लोकांचा शब्द तेवाराथोन. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आजही त्याच नावाचा आहे. परभाषेतलाच घ्यायचा तर मूळ घरचा घ्या.

चांदणवेल
अंक शुक्रवारी छपाईला जातोय हो. तूर्त मजकुरात ‘ड्राफ्ट’ ठेवते, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पाळीने गडी निवडणे’ असा खुलासा.

बँकवाले_काका
तो ड्राफ्ट.

सांजवात
‘गडी’ का? भिडू काय वाईट होता? गडी म्हणजे घरकामाचा.

ऊसमळा
तुमच्या वाईत असेल. आमच्याकडे कबड्डीत सात गडीच उतरतात.