मदत हवी आहे: बरी झालेली गाय थायलेरियाची वाहक राहते, मग गोठा कसा सांभाळायचा?

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात (जि. वर्धा) आमचं वावर आहे. गोठ्यात गौळाऊ (देशी जात) आणि जर्सी संकरित, दोन्ही ढोरं एकत्र. पोळ्याच्या आधी संकरित गायीला सडकून ताप आला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली, तिनं कुटाराला तोंड लावलं नाही. रक्त तपासलं, थायलेरिया (गोचिडांतून पसरणारा परजीवी आजार) निघाला. ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं, गाय वाचली. शेजारच्या गौळाऊला मात्र काहीच नाही, मजेत रवंथ!

डॉक्टरांनी समजावलं ते असं: हा परजीवी थेट पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांनाच बेसुमार वाढायला लावतो. म्हणजे पहारेकरीच फितूर. देशी गुरांत आजार बहुधा सौम्य राहतो, संकरितांत जोर करतो. बरी झालेली गाय स्वतः धडधाकट दिसली तरी तिच्या रक्तात तो थोडा उरतो आणि गोचिडांमार्फत पुढे जातो.

आता माझी अडचण. लहान संकरित कालवड आहे. तिला प्रतिबंधक लस द्यावी म्हणतो. विदर्भात कोणी दिली आहे का, कुठून आणली, थंड साखळी कशी सांभाळली? वाहक गाय वेगळी बांधून खरंच फरक पडतो का? हा आजार पसरवणारे हायलोमा गोचीड भिंतीच्या फटीत दडतात, आमच्या भिंती मातीच्या. फवारणी अंगावर करतोच, फटींचं काय करता? चुना लावून बुजवलेल्यांनी अनुभव सांगा. झाडपाल्याचे उपाय नकोत, ते सगळे ऐकून झाले.