रॉकेट आधी उभं करून मग अख्खा प्लॅटफॉर्मच कायले हलवतात?

झरीचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी झरी जामणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. आठवीच्या पोरांना चांद्रयान ३ चा व्हिडिओ दाखवला, लाँचचा नाही, त्याच्या आधीचा, ज्यात ते एलव्हीएम३ रॉकेट उभंच्या उभं बिल्डिंगमधून बाहेर निघून हळूहळू पॅडकडे, म्हणजे उड्डाणाच्या जागेकडे, जाते. एका पोरीने विचारलं की सर, एवढं उंच रॉकेट उभं करून कायले नेतात, पॅडवरच जोडलं असतं तर पडायची भीती तरी नसती, नाहीतर आडवं न्यायचं. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही. शिवाय एवढं वजन नेणारी गाडी बनवते कोण, हेही पोरं विचारतात. विज्ञान प्रदर्शनात यावरच मॉडेल ठेवायचं त्यांच्या मनात आहे. कोणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा, मी वर्गात वाचून दाखवीन.

खाणवाला_घुग्घुस

गुरुजी, गाडीचं मी सांगतो, ते आमच्याच धंद्यातून निघालं हाय. मी ओपनकास्टमध्ये, म्हंजे उघड्या कोळसा खाणीत, शॉव्हेलवर (उकरणारी मोठी मशीन) इलेक्ट्रिकल फिटर हाय.

अमेरिकेत चंद्रावर जायच्या सॅटर्न ५ चं काम चालू होतं, ११० मीटर उंच रॉकेट, तवा नासाले प्रश्न पडला का हे उभं रॉकेट, त्याच्याखालचा प्लॅटफॉर्म आन बाजूचा टॉवर, सारं सोबत न्याचं कसं. आधी कालवा खोदून बार्जवर (सपाट मालवाहू नावेवर) न्याचा विचार होता पण मॉडेलच्या चाचण्या घेतल्या तर पाण्यावर ते सांभाळणं कठीण दिसलं, रेल्वे महाग पडत होती. मंग १९६२ मध्ये कोळसा खाणीतल्या शॉव्हेलचं कोणीतरी सुचवलं आन नासाचे लोक केंटकीच्या खाणीत जाऊन ते पाहून आले. तिथलं शॉव्हेल क्रॉलरवर, म्हंजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर, चालत होतं आन जमीन खालीवर असली तरी जॅकनं आपली बॉडी लेव्हलमध्ये ठेवत होतं. बस, तेच पायजे होतं. ओहायोची मॅरियन पॉवर शॉव्हेल कंपनी, खाणीच्या मशीनी बनवणारी, तिनं १९६५ मध्ये अशा पट्ट्यांवर चालणाऱ्या दोन गाड्या बनवून देल्ल्या, त्यालेच क्रॉलर म्हणतात.

लांबी ४० मीटर, रुंदी ३५, वजन अंदाजे २,७०० टन. आठ ट्रॅक, एका ट्रॅकले ५७ शू (पट्ट्याच्या प्लेटा), आन एक एक शू टनाच्या आसपास, म्हंजे पोकलेनच्या चेनीची प्लेट धरून अंदाज लावू नका. डिझेल इंजिन सरळ ट्रॅक नाही फिरवत, ते जनरेटर चालवते आन करंट १६ मोटरीले जाते, रेल्वेच्या डिझेल इंजिनात असते तसंच. लोड घेऊन ताशी दीडेक किलोमीटर. प्लॅटफॉर्म सहा खांबांवर ठेवलेला असते, क्रॉलर त्याच्या खाली घुसते, जॅकनं उचलते, पॅडवर नेऊन तिथल्या खांबांवर ठेवते आन स्वतः निघून येते.

तेच दोन क्रॉलर आजही हायत. स्पेस शटल या नासाच्या यानाच्या काळात शूले तडे जाऊ लागले तवा सारे शू बदलले, पुढं एक क्रॉलर अजून मजबूत केला आन २०२२ मध्ये आर्टेमिसचं, म्हंजे नासाच्या नव्या चंद्रमोहिमेचं, रॉकेट त्याच्यावरच गेलं. एवढी जुनी मशीन चालू ठेवणं काय असते हे ज्यानं ग्रीस आन बेअरिंगात हात घातले त्यालेच समजते. रॉकेटवाल्याईचं नाव होते, पण मले त्या मेंटेनन्सवाल्याईचं कौतुक जास्त वाटते.

सिव्हिल_पांढरकवडा

खाणवाले भाऊ, मस्त लिहिलंत. पण गाडीइतकाच रस्ता महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. मजबूत केलेला क्रॉलर स्वतःच्या वजनाशिवाय वर ८ हजार टनांपर्यंत पेलतो. हे सगळं वजन जमिनीत जाणार. फ्लोरिडाची ती जागा दलदलीची, तिथे वाळूचा भराव टाकून रस्ता बांधला. दोन पट्टे, एकेक १२ मीटर रुंद, मध्ये मोकळी जागा, आणि एका पॅडपर्यंत साडेपाच किलोमीटर तर दुसऱ्यापर्यंत पावणेसात. खाली दोनेक मीटर खोल थर आहेत, सगळ्यात वर डांबर किंवा काँक्रीट नाही, नदीतला गोटा आहे, अलाबामाहून आणलेला. कारण वळताना ट्रॅकला घासावं लागतं, गोटा थोडा सरकतो म्हणून घर्षण कमी होतं आणि ठिणगीही उडत नाही. वजनाने गोट्याचा चुरा होतो म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो.

गुरुजी, पोरांना हे आपल्या काळ्या मातीवरून सांगा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून आपण रस्ता करताना ती काढून मुरूम भरतो. एक बाजू चार बोटं खचली तर घराच्या भिंतीला तडा जातो, इथे वर ११० मीटरचं रॉकेट आहे, खाली थोडं खचलं तरी टोक किती सरकेल याचा हिशोब पोरांना फळ्यावर करायला लावा.

अवकाशवेडा_वर्धा

ताईंच्या मूळ प्रश्नावर येतो (त्या पोरीला ताईच म्हणतो, प्रश्नच तसा आहे).

पॅडवर जोडतातही. श्रीहरिकोट्याच्या पहिल्या पॅडवर १९९३ पासून पीएसएलव्ही तिथंच जोडायचे, रॉकेटभोवती मोठा सरकता टॉवर असायचा आणि लाँचआधी तो टॉवर मागं न्यायचे. म्हणजे हलवायचं तिथंही होतं, फक्त रॉकेटऐवजी टॉवर. अडचण ही की जोडणी चालू आहे तोवर पॅड अडकून पडते, दुसरं रॉकेट लावता येत नाही. म्हणून २००५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पॅडला वेगळी पद्धत घेतली, बिल्डिंगमध्ये पेडेस्टलवर (हलवता येणाऱ्या ओट्यावर) रॉकेट जोडायचं आणि पेडेस्टलसकट रुळावरून पॅडवर आणायचं. पुढं पहिल्या पॅडसाठीही वेगळी जोडणी बिल्डिंग बांधली आणि डिसेंबर २०२४ चं स्पेडेक्सवालं (दोन उपग्रह अवकाशात जोडायच्या मोहिमेचं) पीएसएलव्ही आधी तिथं जोडलं. यात पॅडचे दिवस वाचतात.

दुसरं कारण हवामान. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळ येत होतं तेव्हा नासाने आर्टेमिसचं रॉकेट प्लॅटफॉर्मसकट परत बिल्डिंगमध्ये नेलं, आणि नोव्हेंबरमध्ये ते उडालं. पॅडवरच जोडलं असतं तर उघड्यावर सोडून द्यावं लागलं असतं.

आता आडवं का नाही. रशियावाले सोयूझ आडवंच नेतात रेल्वेने आणि पॅडवर उभं करतात. त्यांना जमतं कारण त्याचं इंधन द्रव आहे, ते पॅडवर भरतात, नेताना रॉकेट रिकामं असतं. आपल्या एलव्हीएम३ ला बाजूला दोन एस२०० बूस्टर (सुरुवातीला जोर देणारी रॉकेटं) आहेत, त्यात घन इंधन आधीच भरलेलं, दोन्हींचं मिळून ४०० टनांच्या वर. अख्खं रॉकेट ६४० टनांचं, त्यातलं एवढं जोडतानाच भरलेलं. एवढं भरलेलं आडवं जोडून मग उचलून उभं करायचं तर सांगाड्यावर वेगळाच ताण येतो, त्यापेक्षा पहिल्यापासून उभंच रचतात. शटल आणि आर्टेमिसचंही तेच, त्यांनाही घन बूस्टर.

झरीचे_गुरुजी

मंडळी खूप आभार, एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक. आपल्याकडे टॉवर पॅडवर उभा दिसतो, अमेरिकेचा रॉकेटसोबत चालताना दिसतो, हे कसं? आणि मॉडेल काय करावं?

अवकाशवेडा_वर्धा

टॉवर सोबत नेला की त्याच्या नळ्या-वायरी बिल्डिंगमध्येच जोडून तपासता येतात, पॅडवर काम कमी राहतं, पण प्लॅटफॉर्म फार जड होतो. पॅडवर ठेवला की प्लॅटफॉर्म हलका, जोडणी मात्र तिथं गेल्यावर. शटलच्या काळात नासानेही टॉवर पॅडवरच ठेवला होता, आर्टेमिसला परत प्लॅटफॉर्मवर घेतला. त्याची किंमतही मोजावी लागते. पुढच्या मोठ्या रॉकेटसाठीच्या दुसऱ्या टॉवरचा करार २०१९ मध्ये ३८ कोटी डॉलरच्या आसपास होता, २०२४ मध्ये नासाच्याच तपासणी विभागाने अंदाज काढला तो २७० कोटी डॉलर.

खाणवाला_घुग्घुस

मॉडेल मी सांगतो गुरुजी. पोरं सिरिंजचा जेसीबी बनवतात ना, तेच सामान घ्या. चौरस पाटी, चार कोपऱ्याले चार सिरिंज उभ्या, प्रत्येकीची नळी वेगळी, दुसऱ्या टोकाले दाबाची सिरिंज. नळीत हवा नको, पाणी भरा, हवा दबते आन पाटी डुलते. खऱ्या क्रॉलरचा पॅडवरचा चढ ५ टक्के हाय, म्हंजे मीटरले ५ सेंटीमीटर, तेवढाच उतार फळीचा बनवा. पाटीवर पुठ्ठ्याचं रॉकेट आन बाजूले गवंड्याचा ओळंबा लटकवा. गाडी चढावर आली का मागच्या दोन सिरिंज दाबायच्या, ओळंबा रॉकेटले समांतर राहिला पायजे. एका पोराले ओढाले ठेवा आन दोघाईले फक्त ओळंब्यावर नजर ठेवाले. सिरिंज २० एमएलच्या घ्या, लहान पुरत नाहीत. नळ्या वणीत भेटल्या नाहीत तर सांगजा, मी घुग्घुसवरून पाठवतो.