चर्चा: तेजसला उशीर झाला म्हणून चाचणीवाल्यांना बोल लावायचा का?

पार्लेकर
17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकला बनलेलं पहिलं तेजस मार्क 1ए, म्हणजे आपल्या देशी लढाऊ विमानाची सुधारित आवृत्ती, उडालं. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर विषय निघाला आणि एक शेजारी म्हणाले, "2001 ला पहिलं उड्डाण झालं, तेव्हापासून नुसत्या चाचण्याच चालल्यात." मला ते फार लागलं. माझी सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये प्रवासी विमानांच्या देखभालीत गेली. विमान सोडताना सही करायचं ओझं काय असतं ते मी जाणतो.

वायुदलाची चाचणी संस्था, एएसटीई, ऑगस्ट 1972 मध्ये कानपूरला उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी बंगळुरूला गेली. टेस्ट पायलट घडवणारी शाळाही तिथेच. गगनयानसाठी निवडलेले चारही जण टेस्ट पायलटच आहेत.

आता "नुसत्या चाचण्या" म्हणजे काय ते बघा. पायलटच्या मांडीवर पट्ट्याने एक कार्ड बांधलेलं असतं. उंची, वेग, काय करायचं, सगळं ओळीने लिहिलेलं. तो ठरलेल्या वेगावर विमान स्थिर करतो आणि स्टिकला, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याला, एक झटका देतो. पंखाची थरथर विरते की वाढते, ते खाली टेलिमेट्रीच्या खोलीत, जिथे विमानातून रेडिओने आकडे येतात, इंजिनिअर पडद्यावर बघत असतात. विरली, तर पुढच्या वेगाला परवानगी. पडद्यावरची रेघ जरा जास्त वेळ हलत राहिली, तर विमान परत. असं एकेका पायरीने वर्षानुवर्षं चालतं.

मारुत या देशी लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण 17 जून 1961 ला सुरंजन दास यांनी केलं. 10 जानेवारी 1970 ला मारुतच्याच सुधारित विमानाच्या अपघातात त्यांचा जीव गेला. 1 फेब्रुवारी 2019 ला एएसटीईचे स्क्वाड्रन लीडर समीर अब्रोल आणि सिद्धार्थ नेगी बंगळुरूला मिराज या लढाऊ विमानाच्या स्वीकृती उड्डाणात, म्हणजे विमान ताब्यात घेण्याआधीच्या तपासणी उड्डाणात, प्राणाला मुकले. कारखान्यातून विमान बाहेर आलं की आधी हेच लोक त्यात बसतात. त्यांनी "नाही" म्हटलं की विषय संपला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ठाणेकर_79
काका, त्या माणसांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण मुद्दा पटत नाही. वायुदलाला लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर आहेत. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला शेवटची मिग-21 निवृत्त झाली आणि हातात उरल्या 29. नवीन विमान अडलं म्हणून आपल्या पोरांनी इतकी वर्षं जुनीच विमानं उडवली, आणि त्यातही माणसं गेलीच ना? त्यांचा हिशोब कोण मांडणार?

शिवाय सगळ्या चाचण्या संपेपर्यंत थांबावंच लागतं असंही नाही. तेजसची 45 नंबर स्क्वाड्रन जुलै 2016 मध्ये उभी राहिली. अंतिम मान्यता मिळाली फेब्रुवारी 2019 मध्ये. अडीच वर्षं आधी विमानं दिली, काय बिघडलं?

पार्लेकर
काही बिघडलं नाही, कारण किती वेगापर्यंत आणि किती वळणापर्यंत जायचं याची मर्यादा चाचणीवाल्यांनी लिहून दिली होती. टप्प्याटप्प्याने विमान द्यायला माझी हरकत नाहीच. मर्यादा कोणाच्या सहीने ठरते, एवढंच विचारतोय. आणि मार्क 1ए कशाने अडलं? 2021 मध्ये 99 इंजिनं मागवली, त्यातलं पहिलं मार्च 2025 ला मिळालं. त्याचं खापर टेस्ट पायलटच्या डोक्यावर का फोडायचं?

कुलाबा_बंदर
मी वेगळं बोलतो. 8 मार्च 2023 ला नौदलाचं ध्रुव हेलिकॉप्टर इथे आपल्याच समुद्रात उतरवावं लागलं. तिघेही वाचले. ते हेलिकॉप्टर सगळ्या चाचण्या पार करूनच सेवेत आलं होतं. चाचणीत सगळं सापडतंच असं नाही. म्हणून "चाचणीवाला म्हणेल ते अखेरचं" हे मला मान्य नाही. वापरणाऱ्यांकडून येणारी माहितीही तितक्याच वजनाची धरली पाहिजे.

पण काम कसं करावं हे बघायचं तर नौदलाच्या तेजसकडे बघा. आधी गोव्याला जमिनीवरच जहाजाच्या डेकसारखी धावपट्टी बांधली. सप्टेंबर 2019 मध्ये तिथे विमानाचा हुक तारेत अडकवून बघितला. मग 11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेजस थेट विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरवलं. ताशी 240 किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि थांबायला शंभर मीटरही नाहीत! आपला मराठी माणूस, पण मुंबईत किती जणांना हे नाव माहीत आहे?

पवई_एरो
मी एरोस्पेसची विद्यार्थिनी आहे. तुम्ही सगळे पायलटबद्दलच बोलताय. 6 मार्च 2009 ला बंगळुरूजवळच्या बिडदीपाशी सारस हे छोटं देशी प्रवासी विमान चाचणीत पडलं. त्यात एएसटीईचे दोन पायलट होते आणि फ्लाइट टेस्ट इंजिनिअर स्क्वाड्रन लीडर इलयाराजा होते. हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायची चाचणी होती. चौकशीत निघालं की ती पद्धतच चुकीची आखली होती, आणि ती करून बघितली अपुऱ्या उंचीवर.

हे मला का कळलं? सारस नागरी विमान होतं म्हणून अहवाल बाहेर आला. लष्करी विमानाची चौकशी दलाच्या आतच राहते. आम्ही उद्या हीच कार्डं लिहिणार आहोत. मग आम्ही शिकायचं कशावरून? मला वाटतं, वेग आणि शस्त्रांचे आकडे झाकावेत, पण चूक कुठे झाली ते छापावं.

ठाणेकर_79
अजिबात नाही. "चूक कुठे झाली" यातूनच समोरच्याला विमानाची कमजोरी कळते. शिकायचं असेल तर बंद खोलीत शिकवा.

पवई_एरो
त्या खोलीत आज फक्त गणवेशातले आणि कारखान्यातले लोक असतात. सारसची ती पद्धत कागदावर मांडली होती विमानाच्या डिझायनरनेच. उद्या तो डिझायनर आमच्या वर्गातला कोणी असेल. मला आत्ताच त्या खोलीत बसू द्या, मग अहवाल छापला नाही तरी चालेल.

पार्लेकर
बाळ, हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिले सहा महिने जुन्या बिघाडांची वहीच वाचायला देत असू. ठाणेकर, यावर तुमचं काय म्हणणं?

ठाणेकर_79
वही द्यायला ना नाही. पण ती खोलीतच राहिली पाहिजे. आणि 42 चा आकडा मी विसरलेलो नाही, काका.