कुंद्याला बदनाम करणं पुरे!

टिळकवाडीकर: ऑफिसात शुगर-बीपीची तपासणी झाली, बरेच जण अडकले. लगेच सगळे आपल्या बेळगावच्या कुंद्यावर, त्या दुधाच्या मिठाईवर, घसरले. अहो, कुंदा काय रोज खातो का आपण? कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढतो, त्याचं बोला. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९. गोड खेड्यातही खातात. फरक बसून राहण्याचा आहे.

खासबागचा मागवाला: बसून? या एकदा आमच्याकडे. मागावर बारा-बारा तास उभी राहणारी माणसं हाईत, तरी शुगर. सकाळी चहा-बटर, दुपारी डब्यात भात नि पातळ आमटी, मधी गोडमिट्ट चहा, रात्री परत भातच. डाळ-भाजी परवडायला नको? रात्रपाळी करून आलेल्या माणसाला 'वॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला जा' म्हणून कुणी सांगायचं वो?

खानापूरची लेक: भाताला कशाला बोल लावूलालाय? आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या भातच खाल्ला. पण लावणीला दिवसदिवस चिखलात वाकून. आता चिखलणीला ट्रॅक्टर, नि ताटातला भात तेवढाच. आणि खेडं सुटलं म्हणून खूश होऊ नका. त्याच पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं शहरात नि खेड्यात जवळपास सारखीच, १५ टक्क्यांच्या घरात.

टिळकवाडीकर: म्हणजे शेवटी हालचालच की! माझंच म्हणणं झालं.

खासबागचा मागवाला: एका जागी उभं राहणं म्हणजे चिखलात राबणं न्हवे. झोपेचं खोबरं होतंय ते कुठं धरलंय तुम्ही?

निपाणीचा मेडिकलवाला: तुमचं शुगरवर चालू द्या, बीपीकडं कुणाचं लक्षच नाही. पाहणीत ते ३५.५ टक्के, शहर-खेडं मिळून मधुमेह आहे त्याच्या तिप्पट. गिऱ्हाईक महिनाभर गोळी घेतं, मशीनवर १२०/८० दिसलं की बंद. का, तर म्हणे 'सवय लागेल'. अहो, गोळी घेताय म्हणूनच खाली आलंय ते! बीपी बहुतेकांना दुखत-खुपत नाही, लकवा मारून तोंड वाकडं झालं की मग धावपळ. साखर सोडली म्हणून मिरवणाऱ्याच्या ताटात लोणचं, पापड, शेव तशीच. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत पाहिजे, म्हणजे सगळं धरून चहाचा एक चमचा. आपल्याकडं ते एका जेवणात उडतं.

टिळकवाडीकर: मिठाचं मान्य. पण सगळं परिस्थितीवर ढकलायचं का? तिशी उलटली की सरकारी तपासणी फुकट आहे, नम्म क्लिनिक नावाचे सरकारी दवाखाने आहेत. जातंय कोण?

खासबागचा मागवाला: क्लिनिक दिवसा उघडं, आमची दिवसपाळी पण तेव्हाच. खाडा केला की मजुरी बुडाली. मशीन नि पट्टी घेऊन नर्सबाईंना संध्याकाळी मागाच्या शेडात पाठवा, मग बघू कोण हात पुढं करत नाही ते.